बाजरी कुठून आली, हे विचारणाऱ्या मुलीबद्दल

नमस्कार भाऊ,

शिरूर तालुक्यातून आलेलं तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. मुलीला नीटला पहिल्या वर्षी ३९०, लातूरला ठेवून दुसऱ्या वर्षी ४२६. आता तिसरा प्रयत्न चालू आहे आणि ती म्हणते, डॉक्टर नाही व्हायचं. जुन्या हाडांतून डीएनए काढून शेती कशी सुरू झाली ते शोधायचंय. तुम्ही तिची असली पुस्तकं पेटीत घालून कुलूप लावलंत, फोन काढून घेतलात. वर विचारता, हिची समजूत कशी काढू? आणि नाहीच ऐकलं तर या डीएनएला स्कोप किती, त्यातून आपलं कूळ मूळचं कुठलं ते तरी कळेल का?

मार्कांचं नंतर बघू. तुम्ही समाधानाने लिहिलेलं एक वाक्य मला टोचतंय: ‘आता ती उलट बोलत नाही. कुणाशीच बोलत नाही, पण पुस्तक घेऊन बसलेली असते.’ भाऊ, ही मुलगी ताळ्यावर आलेली नाही, ती मिटत चालली आहे. ती जेवते किती, झोपते किती, याबद्दल चार पानांत एक अक्षर नाही. फिजिक्सच्या प्रत्येक टेस्टचे मार्क मात्र आहेत. आणि ‘तुझ्यापायी दीड एकर गहाण टाकलंय’ हे रोज ऐकवणं आजपासून बंद करा. कर्ज काढायचं तुम्ही ठरवलंत, तिने मागितलं नव्हतं. आज रात्री तिच्याजवळ बसा, नीटचं नाव काढू नका. ती बोलली नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला लाजू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, तिथे तुम्हालाही बोलता येईल. तिसऱ्या प्रयत्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थांबवा. ज्या परीक्षेत तिचं मनच नाही, तिच्यात तिसरं वर्ष घालवून काय मिळणार?

आता कुळाचं. हाड मशीनमध्ये घातलं की ‘हे इथले, ते बाहेरचे’ असा दाखला छापून येतो, हा समज तुमचा एकट्याचा नाही, पुष्कळ शिकलेल्यांचाही आहे. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळाचं उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांच्या चमूने तिथे उत्खनन केलं. ६१ नमुने तपासले, उपयोगी पडेल असा डीएनए एकाच बाईच्या सांगाड्यातून मिळाला, कारण आपल्या उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. २०१९मध्ये त्याचा निष्कर्ष आला. युरोपात शेती पसरली ती आजच्या तुर्कस्तानातून निघालेल्या शेतकऱ्यांच्या स्थलांतराने, हे तिकडच्या हाडांनी दाखवलं होतं. या बाईत मात्र त्या शेतकऱ्यांचा अंश नव्हता. इराणकडच्या लोकांशी तिचं नातं निघालं, पण ती शाखा शेती सुरू व्हायच्या आधीच वेगळी झालेली, असं अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे शेती आली म्हणून शेतकरीच आले, असं गणित इथे सरळ लागत नाही. यातून तुमचं आडनाव, तुमची जात, तुमचं कूळ काहीही सिद्ध होत नाही. उत्तर आधी ठरवून मुलीला ते ‘शोधायला’ पाठवणार असाल, तर त्यापेक्षा तिने या विषयात न गेलेलं बरं.

खरं सांगू? तिलाही डीएनए हवा आहे असं मला वाटत नाही. तिचं ‘खूळ’ दाखवायला तुम्हीच लिहिलंय, की ती बांधावर उभी राहून विचारते, ‘बाबा, बाजरी पहिल्यांदा कुणी पेरली?’ भाऊ, हा उत्तम प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर माणसाच्या हाडात नाही, जळक्या दाण्यात आहे. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिणेकडची. मालीत साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पुरावे आहेत. ज्वारी सुदानकडची. गहू आणि जव पश्चिम आशियातले. कुळीथ मात्र आपल्या द्वीपकल्पातला. तुमच्या एका शिवारात दोन खंडांचं धान्य उभं आहे, आणि बाजरी आली म्हणून आफ्रिकेतली गावंच्या गावं इथे येऊन वसली, असं नाही. दाणे हातोहात, बंदरोबंदरी फिरतात.

हे शास्त्र पुरावनस्पतींचं. उत्खननातली माती पाण्यात कालवतात, जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरून सुकवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. जळल्यामुळेच ते हजारो वर्षं कुजत नाहीत. आणि हे काम तुमच्या तालुक्यात झालंय! घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खणलं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक मुख्यतः जव पिकवत होते, पाटाने पाणी फिरवत होते, आणि दगावलेली लेकरं दोन रांजणांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत होते.

वाट सोपी आहे: बीएस्सी बॉटनी, मग डेक्कन कॉलेजला किंवा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्वाचं एमए, पुढे नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा. डीएनएकडेच वळावंसं वाटलं तर हैदराबादचं सीसीएमबी आणि लखनौची बिरबल साहनी संस्था या संशोधन संस्था आहेत, पण ते एमएस्सीनंतर.

पैशाचं लपवत नाही. या क्षेत्रात जागा थोड्या, पीएचडीपर्यंत वर्षं बरीच. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये, नाही मिळाली तर ओढाताण. डॉक्टरसारखं उत्पन्न कधीच नाही. म्हणून पदवीला बॉटनीच घ्यायला सांगते; बियाणं, कृषी संशोधन, शिक्षकी ही दारं उघडी राहतात.

पेटीची किल्ली तिला द्या. मग सवडीने येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन जा, इनामगावबद्दल तिथे विचारा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि टपालात टाकण्याआधी ते वाचू नका.