निगेटिव्ह सप्लाय (ग्राउंडच्या खालचं, म्हणजे उणे व्होल्टेज देणारा) पहिल्यांदा करतोयस? मग एवढं बघ

७६६० सारख्या, प्लस व्होल्टेजचं मायनस करणाऱ्या आयसीचा नाद आत्ता सोड रे, त्यातून जेमतेम १०-२० मिलीअँप मिळतात, एखाद्या ऑपअँपला (सिग्नल मोठा करणारी छोटी आयसी) ठीक, टेबलावर प्रयोगांसाठी ठेवायच्या बेंच सप्लायला नाही. सरळ १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर घे, एक ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि दोन्ही बाजूंना कपॅसिटर लाव, मधली तार म्हणजे तुझा ग्राउंड, दोन्ही बाजूंना साधारण १६-१७ व्होल्ट डीसी येतात, पुढे रेग्युलेटर, +१२ ला ७८१२ आणि -१२ ला ७९१२. झालं.

आता नवीन माणूस हमखास जिथे आपटतो ते:

- ७९१२ च्या पिना ७८१२ सारख्या नाहीत! पहिली ग्राउंड, मधली इनपुट. पाठीचा पत्रा पण इनपुटलाच जोडलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकाच हीटसिंकवर नुसते कसले की शॉर्ट, इन्सुलेशनसाठी मध्ये मायका आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश पाहिजेच.
- निगेटिव्ह बाजूच्या कपॅसिटरचं प्लस ग्राउंडला. मी पहिल्यांदा सवयीने उलटा लावला, फट्‌ करून टोपी छताला आणि खोलीभर तो घाण वास, आई दोन दिवस बोलत होती.
- ७९१२ च्या आउटपुटला कपॅसिटर टाळू नकोस, नाहीतर ऑसिलेट होतो, म्हणजे आउटपुट स्थिर न राहता सारखं वर-खाली होतं.

पहिल्यांदा चालू करताना मेनच्या फेजमध्ये ४० वॅटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजला टाक, भगभगून पेटलेलाच राहिला तर लगेच बंद कर. ॲडजस्टेबलचं, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणारे एलएम३३७ वगैरे, हे चाललं की मग बोलू.