जानेवारीची जेईई द्यायची की सोडायची?

२०२४च्या नोव्हेंबरात एक वडील बारावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ला विचारायला आले. जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या जानेवारी सत्राचा फॉर्म भरायची मुदत संपत आली होती आणि घरात आठवडाभर धुसफूस चालू होती. "सिलॅबस अजून पुरा नाही, मॅडम. एक अटेंप्ट उगाच वाया कशाला घालवायचा? एप्रिललाच देऊ दे, नीट तयारी करून." मुलगी मान खाली घालून ओढणीच्या गोंड्यांशी चाळा करत बसली होती.

अटेंप्ट राखून ठेवायचा हा हिशेब मी दर वर्षी ऐकते. क्रिकेटमधल्या रिव्ह्यूसारखा तो शिल्लक पडतो, असं पालकांना वाटतं. तसं नसतं. बारावीचं धरून सलग तीन वर्षं ही परीक्षा देता येते. यंदाची जानेवारी सोडली म्हणून पुढे एक जास्तीची मिळत नाही. दोन्ही सत्रं दिली तर जो स्कोअर जास्त तोच रँकसाठी धरतात. सरासरी काढत नाहीत.

हे ऐकून वडील जरा सैलावले. मुलगी तशीच.

मी त्यांना चहा प्यायला खाली पाठवलं. बऱ्याच वेळाने ती बोलली, "पेपरची भीती नाही वाटत. रिझल्टची वाटते. पप्पा भावकीच्या ग्रुपवर टाकतात. दहावीचा टाकला होता. आणि लगेच बोर्ड आहे."

मग आम्ही कॅलेंडर पुढ्यात घेतलं. जेईई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, त्याच सुमारास प्रॅक्टिकल, ११ फेब्रुवारीला बोर्डाचा पहिला पेपर आणि जेईईचा निकाल १२ तारखेपर्यंत. पोरगी बरोबर बोलत होती. एनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी बारावीला ७५ टक्के तरी लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. निकालाने मन उडून बोर्ड घसरलं, तर एप्रिलचा चांगला स्कोअरही तिथे कामाचा नाही.

सगळ्यांनाच मी 'द्या' म्हणत नाही. त्याच महिन्यात एका मुलाला जानेवारी सोड म्हणून सांगितलं होतं. त्याची अकरावी जवळजवळ कोरी होती आणि त्याला हवं होतं पुण्यातलं कॉलेज. तिथल्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेवर भरतात. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, ८० टक्के भर बारावीच्या सिलॅबसवर. त्याने जेईईच्या मागे डिसेंबर का घालवावा?

या मुलीचं तसं नव्हतं. तिची तयारी होती, फक्त निकाल तिच्या हातात राहायला हवा होता. वडील वर आले तेव्हा तिनेच त्यांना सांगितलं: परीक्षा देते, पण लॉगिन आत्याकडे राहील आणि बोर्ड संपेपर्यंत कुणीही आकडा विचारायचा नाही. वडील थोडे दुखावले. "मी काय शत्रू आहे का?" म्हणाले. मग स्वतःच बहिणीला फोन लावला.

निकाल लागला नेमका ११ फेब्रुवारीला, इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी. आत्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एप्रिलच्या सत्राचा फॉर्मही तिनेच भरून टाकला.

मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "मॅडम, आत्या विचारतेय, आता सांगू का? पण ही म्हणते, आधी झोपते."