तुकडे फेकू नकोस

पोरी,

परवा फोनवर तुझा आवाज पार बसला होता. तुझ्या मॉडेल विमानाचा डावा पंख तिसऱ्यांदा मोडला आणि तू विचारलंस, "काका, हा टाकून तयार पंख मागवू का?" तेव्हापासून मला चैन नाही.

क्लाइड सेसना हे नाव तुला सेसना 172 या छोट्या विमानामुळे ठाऊक आहे. त्याचं 1911 सालचं पहिलं विमान 'सिल्व्हर विंग्ज' बघ. ओक्लाहोमातल्या एनिडमध्ये मोटारी विकणारा माणूस हा. ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाच्या विमानाच्या धर्तीचं एकपंखी विमान, स्प्रूसचं लाकूड, वर लिननचं कापड, इंजिन बोटींसाठी इंजिनं बनवणाऱ्या एलब्रिजचं. शिकवायला कोणी नाही. ग्रेट सॉल्ट प्लेन्सच्या पांढऱ्याफटक मिठावर ते डझनभर वेळा आपटलं. दर वेळी तो आणि भाऊ रॉय पुन्हा दुरुस्तीला बसायचे. एकदा उडवतो आणि पेटवून देतो, असंही वैतागून म्हणाला म्हणतात. डिसेंबरात पाचेक मैल उडून निघाल्या जागी नीट उतरला.

धड त्यानं न्यूयॉर्कहून विकत आणलं होतं, असं तू म्हणशील. आणलं होतं! विकत घ्यायला माझी ना नाहीच. मोडलेलं न बघता टाकायला आहे.

स्पारचं, म्हणजे पंखातल्या मुख्य दांड्याचं, मोडलेलं तोंड उजेडात धर. लांब चिरफाळ्या निघाल्या असतील तर लाकडानं शेवटपर्यंत ताण घेतलाय. खडूसारखा आडवा तुकडा पडला असेल तर लाकूडच ठिसूळ. लाकूड शाबूत आणि गोंद सुटला, तर सांधा तुझा चुकला. नवा पंख यातलं काय सांगणार तुला?

पुढे 1927 मध्ये भागीदार वॉल्टर बीचला दुपंखी, म्हणजे एकावर एक पंखांची, विमानंच हवी होती, तर सेसना बाहेर पडला आणि बाहेरून एकही टेकू नसलेला पंख केला. पंख कुठे मोडतो हे हातांना माहीत होतं म्हणून ती छाती झाली, असं माझं ठाम मत आहे.

तुझ्या वयात माझं ग्लायडर मोडलं, ते मी माळ्यावर टाकलं. घर बदललं तेव्हा भंगारात गेलं. कुठून मोडलं ते मी बघितलंच नाही गं. पुढे कारखान्यात बिघडलेला एकही गिअरबॉक्स स्वतः उघडल्याशिवाय मी बाहेर जाऊ दिला नाही. साहेब चिडायचे, बढती हुकली. लोक हट्टी म्हणाले, म्हणोत. माझं बरोबरच होतं.

मोडलेलं आधी बघायचं. किती वेळा सांगू?

रविवारी आठला ये. सगळे तुकडे पिशवीत भरून आण, बारीक चिरफाळ्यासुद्धा. जेवायला इकडेच थांबशील, आईला सांगून ठेव.

तुझा काका