मुलगी खरेदी विभागात गेली तर?

प्रश्न : इचलकरंजीत आमचे जॉबवर्कवर चालणारे माग आहेत. मुलगी बी.कॉम. झाली. बंगळूरच्या एका तयार कपड्यांच्या कंपनीत तिला खरेदी विभागात नोकरी मिळते आहे. तिनं ती सोडून मार्केटिंगमध्ये एमबीए करावं असं मला वाटतं. बिलं तपासण्यात कसलं भवितव्य? – एक पालक

उत्तर : नमस्कार. नुसती बिलंच तपासायची असतील तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण आधी झारा या तयार कपड्यांच्या कंपनीचं बघा, धंदा तुमच्याच ओळखीचा आहे.

स्पेनमधल्या ला कोरुन्या शहरात १९७५ साली पहिलं दुकान काढलेली ही कंपनी जाहिरातीवर फारच कमी खर्च करते. तिची खरी करामत आत चालते. बरंचसं कापड ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, घेऊन ठेवायचं आणि कुठला रंग खपतोय हे दुकानांकडून कळलं की मगच रंगवायचं. फॅशनच्या मालाचं कटिंग स्वतःकडे, शिलाई जवळपासच्या छोट्या वर्कशॉपांत. गोदामातून निघतानाच कपड्याला किमतीचं लेबल असतं, बरेच कपडे तर हँगरसकट जातात. दुकानात पोचला की थेट दांडीवर. नवा माल आठवड्यातून दोनदा. शिलाई आशियापेक्षा महाग पडते, पण न खपलेला माल सेलमध्ये पडेल त्या भावाला काढण्याची वेळ कमी येते.

हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी १९८५ मध्ये मांडलेली ‘व्हॅल्यू चेन’, म्हणजे कंपनीतल्या कामांची साखळी, ती हीच. कच्चा माल आत येण्यापासून विक्रीनंतरच्या सेवेपर्यंत पाच मुख्य कामं आणि त्यांना आधार देणारी चार; खरेदी त्या चारांत येते. एमबीएची मुलं ही नऊ नावं घोकतात आणि नेमका मुद्दा विसरतात. एका कामात जादा पैसे घालून दुसऱ्यात त्याहून जास्त वाचवता येतात. शिवाय प्रतिस्पर्धी एखादं काम उचलेल, सगळ्या कामांची एकमेकांशी बसलेली सांगड उचलणं त्याला जड जातं.

तुम्हाला हे मी काय सांगावं! तुमची मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, ठरते. ताका (कापडाचा तागा) कुठल्या रंगात, कुणाला, केव्हा जाणार हे ठरवतो दुसराच. मुलगी त्या ठरवणाऱ्यांच्या बाजूला बसायला निघाली आहे.

अर्थात, कंपनी-कंपनीत फरक असतो. होकार कळवण्याआधी तिनं दोन गोष्टी विचाराव्यात : दुकानांतल्या विक्रीचे आकडे खरेदी विभागाला दिसतात का, आणि कापड किती, कुठलं घ्यायचं यात या विभागाचं मत घेतात का? दोन्हीला ‘नाही’ आलं तर नोकरी खुशाल सोडा.

एमबीए दोनेक वर्षांनी करता येईल, आणि ते मार्केटिंगमध्येच हवं असा आग्रह नको. निफ्ट या केंद्र सरकारच्या फॅशन शिक्षणसंस्थेचा फॅशन मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे. मुंबईचं केंद्र खारघरला आहे.

तोवर सुताचा काउंट (जाडी-बारकाई) आणि ताक्यातले दोष तिला घरीच हाताळून शिकू द्या. पुरवठादार नव्या खरेदीदाराची पारख पहिल्याच भेटीत करतात.