वडशाच्या नाटक कंपनीत मुलीला पाठवावं का?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मिळालं. ब्रह्मपुरी तालुक्यातलं गाव, धानाची शेती, मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. भजनात चांगली गाते, म्हणून गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका नाट्य कंपनीने यंदाच्या हंगामात तिला सहनायिकेचं काम देऊ केलंय. तिच्या आईला काळजी आहे की पोर रात्रीबेरात्री गावोगाव फिरणार, लोक काय म्हणतील. आणि तुम्ही विचारताय, यात पुढे काही आहे, की वर्षं वाया जातील?

माझं मत आधीच सांगतो. जाऊ द्या. फक्त कॉलेज सोडून नको, आणि तोंडी बोलीवर नको.

झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याचं नाटक तुम्हाला मी काय सांगावं! धान निघालं, हातात पैसा खेळू लागला की भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. पण हाच धंदा कलाकाराच्या बाजूने बघा. गावचं मंडळ वडशाला येऊन कंपनी ठरवतं, तारीख बांधतं, इसार देतं. तिकिटांचा नफातोटा मंडळाचा. पीक बुडालं की तारखा घटतात, आणि कलाकाराला पैसे मिळतात ते नाईटवर, म्हणजे दर प्रयोगामागे. 2020 च्या टाळेबंदीनंतरचा हंगाम जवळपास बुडाला तेव्हा रंगभूमीवरच पोट असणाऱ्यांचे फार हाल झाले. पगारी रजा नाही, पीएफ नाही. हे तिला आत्ताच, स्पष्ट सांगा.

म्हणून मॅनेजरशी बोलायला तुम्ही स्वतः जा. नाईट किती, हे सगळेच विचारतात. तुम्ही त्याच्या पुढचं विचारा. हंगामात किमान किती नाईटची हमी? पावसाने प्रयोग रद्द झाला तर पैसे मिळणार का? हिशेब दर महिन्याला की होळीनंतर? रंगपटात बायांना कपडे बदलायला वेगळी जागा असते का, आणि पहाटे नाटक सुटल्यावर गाडी मुलींना कुठे सोडते? उत्तरं कागदावर घ्या, पैसे तिच्या बँक खात्यात मागा. चांगली कंपनी याला नाही म्हणत नाही. टाळाटाळ झाली तर दुसरं दार ठोठवा, वडशात कंपन्यांची कमी नाही.

अभ्यासाचा पेच खरा आहे. गोंडवाना विद्यापीठाची हिवाळी परीक्षा ऐन हंगामात येते. रात्रभर प्रयोग करून सकाळी पेपर लिहिणं एखाद्या दिवशी जमेल, सलग जमणार नाही. कॉलेजात हजेरीचंही बघावं लागेल. प्राचार्यांना आधी भेटा. तिथे सोय झाली नाही तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करता येते. पदवी मात्र हवीच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही विचारतात. तो अनुभव तिला घराजवळ मिळतोय. हँडबिलं, फोटो, करारपत्र, सगळं एका फाईलमध्ये जपायला सांगा. पुण्याच्या विद्यापीठातलं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी, या वाटाही आहेत.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या पत्रात सगळं सहनायिकेच्या भूमिकेबद्दल आहे. कंपनी म्हणजे फक्त पडद्यापुढची माणसं नव्हेत. ऑर्गनवाला, तबलावादक, प्रॉम्प्टर, लाईट आणि साऊंडवाले, पडदे बांधणारी पोरं, रंगभूषाकार, वडशाच्या ऑफिसात बसून तारखा जुळवणारा माणूस, या सगळ्यांवर नाटक उभं राहतं. अभिनेत्रीला दरवर्षी नवीन चेहऱ्याशी स्पर्धा असते. ज्याला साऊंड येतो किंवा जो नाटक बसवू शकतो, त्याला होळीनंतरही काम मिळतं. तिने पहिल्याच हंगामात दुसरं एक काम शिकून घ्यावं. ती गाते, तर ऑर्गनवाल्याजवळ बसून सूर-ताल पक्का करावा. झाडीपट्टीत नटाला मंचावर खरंखुरं गावं लागतं, मागे वाद्यं प्रत्यक्ष वाजत असतात. रात्री दोन वाजता, थंडीत, बसलेल्या गळ्याने पट्टी न सोडता गाणं ही फार मोठी कमाई आहे. शहरातल्या कितीतरी शिकलेल्या नटांना ते जमत नाही, हे मी मनापासून सांगतो. उन्हाळ्यात आकाशवाणीची नाट्यस्वर चाचणी द्यावी, शाळांच्या नाट्यशिबिरांत शिकवावं.

आणि हो, मुंबईच्या मालिकांची पायरी म्हणून तिला पाठवू नका. गडचिरोलीतल्या गुरनोलीच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. हे काम स्वतःच्या पायावर मोठं आहे, तसंच ते करावं.

वहिनींना मात्र समजावत बसू नका. दिवाळीनंतर जवळच्या गावात त्याच कंपनीचा प्रयोग लागेल, तिथे त्यांना घेऊन जा. नाटक सुरू व्हायच्या आधी रंगपटात जाऊन तिथल्या जुन्या अभिनेत्रींशी त्यांनी एकटीने बोलावं. घर, लेकरं सांभाळून वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बाया तिथे भेटतील आणि त्या खरं ते सांगतील, त्रासाचंही सांगतील. त्यानंतरही त्यांचं मन तयार झालं नाही, तर यंदा थांबा. मुलगी अठरा-एकोणीसचीच आहे, पुढच्या हंगामात कंपन्यांना गाणाऱ्या मुली लागणारच आहेत. मन तयार झालं, तर परीक्षेचं वेळापत्रक लागताच मॅनेजरच्या हातात द्या आणि त्या तारखा सोडूनच करार करा.