थंडीत अंग उलतं, टाचा फुटतात. घरच्या घरी काय लावावं?

तुम्ही विचारलंय की दिवाळी सरली की हातापायांची कातडी पांढरट पडते, टाचांच्या भेगांत गोधडीचे धागे अडकतात, आणि महागड्या क्रीमवर पैसे न घालता घरी काय करता येईल. यातून मी स्वतः गेले आहे. माझं माहेर कुडाळचं. तिथल्या दमट हवेत अंग उलणं म्हणजे काय ते मला नीटसं ठाऊकच नव्हतं. लग्न होऊन निफाडला आले आणि पहिल्याच थंडीत, पारा एक आकडी झाला तेव्हा, पोटरीवर नख फिरवलं की पांढरी रेघ उमटायला लागली.

त्या वर्षी मी दिवसातून तीन-तीनदा कोरड्या अंगाला खोबरेल चोपडत होते. अंग तेलकट व्हायचं, खाज तशीच. चूक तेलाची नव्हती, वेळेची होती. कातडीला हवं असतं पाणी, आणि तेलात पाणी नसतं. तेल फक्त आतलं पाणी उडू देत नाही. म्हणून आंघोळ झाली की पंचाने खसाखसा न पुसता अंग नुसतं टिपायचं आणि दोन-तीन मिनिटांत, ओलसर असतानाच तेल लावायचं. मग थोडंसं तेलही पुरतं. पाणी कढत नको, कोमट घ्या. साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवा. हातापायांना रोज साबण लावला की कातडीचं स्वतःचं तेलही धुऊन जातं. काहीही बनवायच्या आधी आठवडाभर एवढं करून बघाच.

आता टाचा. यासाठी माझा सगळा भरवसा भिरंडेलावर, म्हणजे कोकमाच्या तेलावर. उन्हाळ्यात रातांब्यांची सालं आमसुलांसाठी काढली की बिया उरतात. त्या वाळवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारं तेल काढून घेतात आणि ते थिजायला लागलं की मुठीत दाबून गोळे करतात. गोळ्यावर बोटांचे ठसे तसेच राहतात. हे तेल साधारण 38 ते 40 अंशांना वितळतं, म्हणून गोळा हातात दगडासारखा लागतो, पण अंगावर चोळला की हळूहळू विरघळतो. खोबरेल 24 अंशांच्या आसपासच पातळ होतं, त्यामुळे ते टाचेवर फार वेळ टिकत नाही. फोनवर टाचांचं रडगाणं ऐकून आई एवढंच म्हणाली होती, "आधी भिरंडेल लाव गो." पुढच्या एसटीने चार गोळे आले.

रात्री दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवा. कडेची जाड कातडी वज्रीने अगदी हलक्या हाताने घासा, उघड्या भेगेवर वज्री फिरवू नका. पाय टिपून भिरंडेल भरा आणि सुती मोजे घालून झोपा. आमची आजी गरम उलथन्यावर ते वितळवून थेंब थेंब भेगेत सोडायची. मी तसं करत नाही, चटका बसतो. माझ्या टाचा आठवड्याभरात गोधडीत अडकायच्या थांबल्या. खोल भेगा भरायला मात्र महिना गेला.

नुसता गोळा चोळायला जड वाटला तर मलम करा. 60 ग्रॅम खोबरेल, 30 ग्रॅम भिरंडेल, 10 ग्रॅम मधमाशीचं मेण. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर स्टीलच्या वाटीत आधी मेण वितळवा, त्याला सर्वांत जास्त उष्णता लागते. मग बाकीचं घालून ढवळा आणि कोरड्या डबीत ओता. पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, म्हणजे थंडीभर टिकतं. ओठांनाही हेच चालतं.

हातांसाठी एक भाग ग्लिसरीन, तीन भाग गुलाबपाणी. नुसतं ग्लिसरीन लावू नका. ते पाणी ओढून घेतं, आणि कोरड्या हवेत ते कातडीतूनच ओढतं. हे लावलं की वर तेलाचा हात फिरवा. पाणी असलेलं काहीही घरी केलं तर थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा, नाहीतर त्यात बुरशी धरते.

लिंबू, खायचा सोडा आणि साखरेचा स्क्रब उललेल्या कातडीला लावू नका. रोजचं डाळीचं पीठही थंडीत बंद ठेवा, लावायचंच तर सायीत कालवून. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.

आणि खरं सांगायचं तर, भिरंडेल मिळालं नाही म्हणून अडून बसू नका. साधी पेट्रोलियम जेली पाणी अडवण्यात कुठल्याही घरगुती तेलापेक्षा सरस आहे, आणि स्वस्तही. मी भिरंडेल लावते ते माहेरचं म्हणून आणि चिकट लागत नाही म्हणून.

घरात कुणाला साखरेचा त्रास असेल तर त्यांच्या भेगांवर यातलं काही करत बसू नका. माझ्या सासूबाईंना पायाला संवेदना कमी होती, भेगेत पू झाला तरी दुखलं नाही, मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. तुमच्या भेगेतून रक्त येत असेल, किंवा खाजेबरोबर लाल चट्टे असतील, तरीही आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.