‘मस्ट’पुढे ‘नॉट’ आलं की…

या खेपेच्या टपालात मोडल क्रियापदांवरची पत्रं बरीच आहेत. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. व्याकरणाच्या पुस्तकात यांचा तक्ता असतो, प्रत्येकासमोर ‘क्षमता’, ‘परवानगी’, ‘सक्ती’ असं काहीबाही छापलेलं असतं आणि मुलं ते घोकतात. माझं त्या तक्त्याशी वैर नाही, पण तो साध्या होकारार्थी वाक्यापुरताच कामाला येतो. मोडल अडतं ते नकारात आणि भूतकाळात. पत्रं वाचून बघा, जवळजवळ सगळ्यांची गाडी तिथेच रुतली आहे.

प्रश्न : बाई, ऑफिसात नव्या आलेल्या सहकाऱ्याला मी मेल टाकला, ‘यू मस्ट नॉट कम ऑन सॅटर्डे.’ शनिवारी नाही आलात तरी चालेल, एवढंच मला सांगायचं होतं. त्यांचं उत्तर आलं, ‘माझं काही चुकलं का?’ ‘मस्ट’ म्हणजे ‘केलंच पाहिजे’, मग ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘केलंच पाहिजे असं नाही’ असं नको का व्हायला?

तुमच्या तर्कात खोट नाही. जर्मनमध्ये तर तो जसाच्या तसा लागू पडतो. तिथे ‘मस्ट’चं सख्खं भावंड आहे ‘म्युसेन’, आणि ‘डू मुस्ट निष्ट कॉमेन’ म्हणजे ‘तू यायलाच हवं असं नाही’. इंग्रजीने वेगळी वाट धरली.

‘नॉट’ कुणाच्या वाट्याला जातो ते पाहायचं. ‘यू मस्ट नॉट कम’मध्ये तो ‘कम’च्या वाट्याला गेला. सक्ती जागच्या जागी आहे, फक्त ती आता न येण्याची झाली. शनिवारी इकडे फिरकायचं नाही, असा त्याचा अर्थ, आणि तुमच्या सहकाऱ्याने नेमका तोच घेतला. ‘यू डोन्ट हॅव टू कम’मध्ये मात्र नकार सक्तीलाच लागतो. सक्ती नाही, वाटलं तर या. ‘यू नीड नॉट कम’चंही तेच. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ एकमेकांच्या जागी खुशाल वापरा, नकारात चुकूनही नको.

‘मे’ त्याहून लबाड. ‘यू मे नॉट एंटर’ म्हणजे आत यायला परवानगी नाही, इथे नकार परवानगीला लागला. ‘इट मे नॉट रेन’ म्हणजे कदाचित पाऊस पडणार नाही, इथे तो पडण्याला लागला. आता दारावर कुणी पाटी लावली, ‘स्टाफ मे नॉट यूज धिस डोअर’. सूचना समजायची की अंदाज? पाटीवर असल्यामुळे आपण सूचना समजतो, पण तेच वाक्य अहवालात आलं तर वाचणारा थबकतो. असल्या ठिकाणी ‘आर नॉट अलाउड टू’ लिहून मोकळं व्हावं.

सहकाऱ्याला आता एवढंच पाठवा : ‘यू डोन्ट हॅव टू कम ऑन सॅटर्डे, बट यू कॅन इफ यू लाइक.’

प्रश्न : ‘आफ्टर टेन मिनिट्स आय कुड ओपन द लॉक’ हे माझं वाक्य निबंधात खोडलं गेलं. ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’च ना?

हो, पण अर्ध्याच कामापुरता. मराठीत ‘मी कुलूप उघडू शकत होतो’ आणि ‘मी कुलूप उघडू शकलो’ यांची गल्लत तुम्ही कधी करणार नाही. पहिल्यात अंगची क्षमता आहे, दुसऱ्यात एका वेळी पदरात पडलेलं यश. ‘कुड’ पहिल्यासाठी : ‘लहानपणी मी कुठलंही कुलूप उघडू शकत असे’ याला ‘ॲज अ चाइल्ड आय कुड ओपन एनी लॉक’. दहा मिनिटं खटपट करून एकदाचं उघडलं, तर ‘आय वॉज एबल टू ओपन इट’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू ओपन इट’. ‘मॅनेज्ड’ मला जास्त आवडतं, त्यात खटपटही आली.

नकारात हा भेद गळून पडतो. ‘आय कुडन्ट ओपन इट’ दोन्हीकडे चालतं. ऐकणं, दिसणं, वास येणं, आठवणं अशा क्रियापदांनाही सूट आहे : ‘आय कुड हिअर समवन अपस्टेअर्स’ एका वेळेपुरतं असलं तरी बरोबरच.

आणि ‘कुड हॅव’ आलं की कान टवकारा. ‘आय कुड हॅव ओपन्ड इट’ म्हणजे उघडता आलं असतं, पण उघडलं नाही. कुलूप उघडल्याची बातमी द्यायला हे वाक्य वापरलंत, तर ऐकणारा नेमकं उलटं समजेल.

प्रश्न : मुलगी विचारते, ‘ही गोज’ होतं तर ‘ही कॅन्स’ का नाही? आणि ‘आय विल कॅन कम’ का चुकीचं?

तिला सांगा, ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’, ‘मस्ट’ ही मुळात फार जुन्या क्रियापदांची भूतकाळी रूपं. पुढे ती वर्तमानाच्या अर्थाने वापरात रुळली. भूतकाळात ‘ही वेन्ट’ला एस लागत नाही, तसाच तो यांनाही कधी लागला नाही. ‘विल’चं मूळ निराळं, पण तेही याच पंगतीत येऊन बसलं. यांना मूळ रूप नाही, आणि ‘विल’पुढे तर मूळ रूपच लागतं. म्हणून ‘विल कॅन’ होत नाही, ‘विल बी एबल टू’ म्हणावं लागतं. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडे बोलीभाषेत ‘माइट कुड’ अशी जोडगोळी ऐकू येते, पण परीक्षेच्या पेपरात ती नको.

प्रश्न : मी अनुवाद करते. ‘तो निघाला असेल’ला प्रत्येक वेळी ‘मस्ट हॅव लेफ्ट’ लिहावं का?

नाही. आपलं ‘असेल’ फार ऐसपैस आहे. नुसत्या अंदाजापासून जवळजवळ खात्रीपर्यंत सगळं त्यात मावतं आणि बाकीचं काम आवाजाचा सूर करतो. छापील इंग्रजीत सूर नाही, तेव्हा पुरावा बघा. टेबल आवरलेलं, दिवा बंद, खुंटीवरची बॅग गेलेली, तर ‘ही मस्ट हॅव लेफ्ट’. पुरावा काहीच नाही, नुसता कयास, तर ‘मे हॅव’ किंवा ‘माइट हॅव’. पुरावा उलट असेल, म्हणजे बॅग अजून खुंटीवरच आहे, तर ‘ही कान्ट हॅव लेफ्ट’. ‘तो निघाला असणं शक्यच नाही’ याला ‘मस्ट नॉट हॅव’ लिहू नका. अमेरिकेत तशी वाक्यं सापडतात, पण ती इतकी ठाम नसतात.

‘मे’ आणि ‘माइट’मध्ये एरवी नखाएवढाही फरक उरलेला नाही, ‘हॅव’ जोडलं की तो जाणवतो. ‘ही मे हॅव ड्राउन्ड’ म्हणजे माणूस अजून बेपत्ता आहे. तो काठावर सुखरूप बसला असेल आणि ‘बुडालाच असता’ असं म्हणायचं असेल, तर ‘माइट हॅव’च. हल्ली वर्तमानपत्रंही इथे ‘मे हॅव’ छापतात आणि वाचणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो.

जाता जाता, ‘मस्ट हॅव’चं बोलण्यातलं ‘मस्ट्व्ह’ हे कानाला ‘मस्ट ऑफ’सारखं लागतं म्हणून जन्मजात इंग्रजी बोलणारेही तसं लिहितात. त्यांचं बघून शिकू नका.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. माझ्या कागदपत्रांतलं ‘शुड’ खोडून वरिष्ठ ‘शॅल’ करतात. ‘शॅल’ फक्त ‘आय’ आणि ‘वी’ला लागतं ना?

तो नियम जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाच्या 1653 सालच्या व्याकरणाने रूढ केला : ‘आय’, ‘वी’ला साधं भविष्य सांगताना ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’, आणि वचन किंवा धमकी द्यायची असेल तर बरोबर उलट. बोलणाऱ्यांनी तो कधी मनापासून पाळला नाही. आज बोलण्यात उरलंय ते मुख्यतः ‘शॅल वी स्टार्ट?’

तुमच्या कागदपत्रांचं जग निराळं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांत ‘शॅल’ म्हणजे अट, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे मुभा, ‘कॅन’ म्हणजे शक्यता. इंटरनेटच्या मानकांसाठी 1997 साली आरएफसी 2119 हा दस्तऐवज आला, त्यात ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ एकाच अर्थाचे धरले आहेत. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल असं, पण परिणाम तोलून. अमेरिकेतल्या कायदेपंडितांना मात्र ‘शॅल’ संदिग्ध वाटू लागलं, आणि तिथल्या फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची भाषा 2007 साली सुधारली तेव्हा ते काढून टाकलं.

तेव्हा वरिष्ठ हटवादीपणा करत नाहीत. ‘शुड’ची बाब पुरी झाली नाही, तर टेस्टमध्ये शेरा मारता येतो. ‘शॅल’ची झाली नाही, तर नापासच करावं लागतं. दस्तऐवजाच्या पहिल्या पानांवर कोणती व्याख्या धरली आहे ते आधी बघा. नसेल, तर वरिष्ठांना ती लिहायला लावा आणि मगच टेस्ट लिहायला घ्या.